‘इम्पेडिमेंट’ : शब्दाचे मूळ आणि मराठी पर्यायांची चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीच्या अध्यापनात समानार्थी शब्दांची यादी देण्याची पद्धत रूढ आहे. ‘ऑब्स्टॅकल’, ‘बॅरिअर’, ‘हर्डल’ आणि ‘इम्पेडिमेंट’ या चारही शब्दांपुढे बहुधा ‘अडथळा’ हा एकच मराठी पर्याय लिहिला जातो. त्यामुळे चार भिन्न कल्पना विद्यार्थ्याच्या मनात एकरूप होतात आणि साहित्यकृतीच्या आकलनात उणीव राहते. प्रस्तुत लेखात ‘इम्पेडिमेंट’ या शब्दाच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे.

मूळ आणि अर्थ

‘ऑब्स्टॅकल’च्या मुळाशी ‘समोर उभे राहणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ‘बॅरिअर’ म्हणजे आडवा घातलेला अडसर, तर ‘हर्डल’ म्हणजे मुळात डहाळ्या विणून केलेली ताटी. हे तिन्ही शब्द वाटेवर असलेल्या वस्तूचे आहेत. ‘इम्पेडिमेंट’ मात्र वाटसरूच्या पायाचा शब्द आहे. लॅटिन ‘इम्पेडिरे’ म्हणजे पाय अडकविणे. त्यात ‘पाय’ या अर्थाचा ‘पेद्’ हा अंश आहे. संस्कृत ‘पद्’ त्याचाच सगोत्र होय. 1786 मध्ये सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या ज्या नात्याकडे लक्ष वेधले, त्याचा हा सुबोध दाखला आहे. अडकलेले पाय मोकळे करणे म्हणजे ‘एक्स्पेडिरे’. ‘एक्स्पेडिशन’ हा मोहिमेचा शब्द त्यातूनच आला.

रोमन सेनेच्या सामानसुमानास ‘इम्पेडिमेंटा’ म्हणत. सीझरच्या गॉलमधील युद्धवृत्तांतात हा शब्द वारंवार येतो. शत्रूने उभारलेला तट नव्हे, तर सैन्याने स्वतःच बरोबर घेतलेले ओझे त्यातून सूचित होते. 1761 च्या पानिपतच्या संदर्भात मराठी वाचकास परिचित असलेला ‘बुणगे’ हा शब्द या कल्पनेच्या बराच जवळ जातो.

मराठी पर्यायांचा विचार

‘पायबंद’ हा शब्द घटकशः ‘इम्पेडिमेंट’चा जुळा भाऊ वाटतो. घोड्याचे पाय बांधण्याची दोरी हा त्याचा मूळ अर्थ. परंतु आज पायबंद घातला जातो तो गैरप्रकारांना. म्हणजे त्यात इष्ट नियंत्रणाची छटा आली आहे. ‘इम्पेडिमेंट’ सामान्यतः अनिष्ट असते. ‘खोडा’ अधिक जवळचा आहे, कारण कैद्याचे पाय अडकविण्याचे ते लाकडी साधन. मात्र ‘खोडा घालणे’ यात दुसऱ्याचा हेतू गृहीत असतो. गुराच्या गळ्यातील ‘लोढणे’ स्वतःबरोबर वागविलेल्या ओझ्याचा अर्थ नेमका देते. एकही पर्याय सर्वत्र पुरेसा नाही, हे येथे स्पष्ट होते.

शेक्सपिअरच्या 1609 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतांपैकी 116 व्या सुनीताच्या आरंभी हा शब्द बहुवचनात येतो. तो इंग्लंडच्या चर्चमधील विवाहविधीतून घेतलेला आहे. वधूवरांच्या विवाहास काही बाध असल्यास तो उघड करावा, असे त्या विधीत सांगितले जाते. जवळचे नाते किंवा पूर्वीचा विवाह यांसारखे हे बाध पात्रतेशी निगडित असतात. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872 मधील प्रतिज्ञापनातही हीच संज्ञा आहे. येथे ‘अडथळे’ असे भाषांतर केल्यास घरच्यांचा विरोध किंवा दैवाची प्रतिकूलता एवढेच चित्र उभे राहते आणि विधीचा संदर्भ लोपतो. ‘बाध’ हा पर्याय तो संदर्भ राखतो. तसेच बोलण्यातील ‘इम्पेडिमेंट’साठी ‘वाचादोष’ हाच शब्द योग्य ठरतो.

समारोप

शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. आजचा इंग्रजी भाषक हा शब्द वापरताना पायाचा विचार करीत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, उणीव वाटेत आहे की चालणाऱ्याच्या पायात, हा भेद अर्थनिर्णयास उपयुक्त आहे. एखादा विद्यार्थी मागे का राहतो, या प्रश्नाचे उत्तरही या भेदावर अवलंबून असते. म्हणून वर्गात एका पर्यायाऐवजी संदर्भानुसार बाध, दोष, लोढणे, खोडा अशी निवड शिकविणे अगत्याचे आहे. मराठीत शब्दांची वाण नाही. निवडीची सवय मात्र लावावी लागेल.