सल्लागाराचें इमान

आत्मवृत्त लिहिणारानें स्वतःविषयीं सर्व कांहीं उघड करावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु कोणत्या वेळीं आपण कोणाचें मीठ खात होतों, एवढा प्रश्न तरी त्यानें स्वतःस विचारला पाहिजे. अरबस्तानचे प्रवासी सेंट जॉन फिल्बी यांचें चरित्र व लेखन पाहतांना आम्हांस या प्रश्नाची वारंवार आठवण झाली.

फिल्बी यांचा जन्म १८८५ सालीं सिलोनांत झाला. केंब्रिज येथें शिकून ते हिंदुस्थानच्या सनदी नोकरींत शिरले आणि १९०८ पासून पंजाबांत होते. पहिल्या महायुद्धांत त्यांची रवानगी मेसोपोटेमियांत झाली. तेथून १९१७ सालीं ब्रिटिशांच्या वतीनें ते रियाधला इब्न सौद यांच्याकडे गेले. बातमी काढावी, माणूस पारखावा आणि वरिष्ठांस कळवावें, हें तेव्हांचें त्यांचें काम. १९२१ मध्यें ट्रान्सजॉर्डनांत ते ब्रिटिशांचे मुख्य प्रतिनिधि झाले. १९२४ मध्यें तें पद सोडून पुढें त्यांनीं जेद्दा येथें व्यापार मांडला. १९३० मध्यें त्यांनीं इस्लाम स्वीकारला व ते राजाच्या बैठकींतले झाले.

लेखक या नात्यानें त्यांची योग्यता ‘दि एम्प्टी क्वार्टर’ (१९३३) या ग्रंथांत दिसते. वबार हें दंतकथेंतलें नगर सांपडेल या आशेनें १९३२ सालीं ते वाळवंटांत गेले. आढळले ते केवळ खळगे. निराशा न लपवितां त्यांनीं खळग्यांचेंच वर्णन केलें. ते उल्कापाताचे होत, हें त्यांनीं आणलेल्या नमुन्यांवरून पुढें ठरलें.

हा प्रांजळपणा १९३३ च्या तेलाच्या सौद्यांत मात्र आढळत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें त्यांस दरमहा १,००० डॉलरवर गुप्तपणें सल्लागार नेमलें होतें. प्रतिस्पर्धी इराक पेट्रोलियम कंपनीचे लाँगरिग त्यांस आपलेसें समजून मन मोकळें करीत. २९ मे १९३३ रोजीं अमेरिकन कंपनीशीं ६० वर्षांचा करार झाला, आणि प्रारंभीं ३५,००० सुवर्ण पौंड मोजून देण्यांत आले.

फिल्बी यांची बाजूही सांगितली पाहिजे. प्रतिपक्ष यापेक्षां पुष्कळच कमी देऊं करीत होता. तेव्हां राजाचें हितच झालें. १९३८ सालीं दम्माम येथें तेल विपुल लागलें. शिवाय इब्न सौद यांच्या मृत्यूनंतर दरबारच्या उधळपट्टीवर त्यांनीं उघड टीका केली आणि त्यापायीं १९५५ मध्यें देशत्याग पत्करला. त्यांच्या अंगीं धैर्य नव्हतें असें कोण म्हणेल?

तथापि हित साधलें म्हणजे इमान राखलें, असें होत नाहीं. एका पक्षाचें वकीलपत्र गुप्तपणें घेऊन दुसऱ्या पक्षाचेंही गुपित ऐकून घेणाऱ्या वकिलास आपण काय म्हणूं? मौन हा हेराचा गुण खरा, परंतु सल्ला विकणारानें तोच गुण जवळ बाळगला तर त्याच्या सल्ल्याची किंमत ठरवावी कशी? या सौद्याची हकीकत फिल्बी यांनीं स्वतः लिहिली असून ती ‘अरेबियन ऑइल व्हेंचर्स’ या नांवानें १९६४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, प्रसिद्ध झाली. आमच्या वाचकांनीं प्रवासग्रंथ आनंदासाठीं वाचावा; हा दुसरा मात्र जपून वाचावा, आणि प्रत्येक पानावर विचारावें, कीं हा सल्ला कोणाच्या पैशाचा?