१, सफदरजंग रोड : घराने न पाहिलेली वर्षं

गेल्या हिवाळ्यात कॉन्फरन्ससाठी दिल्लीला गेलो होतो. पोस्टर लावून झालं, अर्धा दिवस मोकळा मिळाला, म्हणून १, सफदरजंग रोड बघून आलो. इंदिरा गांधींचं निवासस्थान, आता स्मृती-संग्रहालय. काचेपलीकडे अभ्यासिका, पुस्तकं, जेवणाची खोली. घर साधं, नीटनेटकं, आवडलंच. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे.

३१ ऑक्टोबर १९८४ ला नेसलेली साडी तिथे आहे, डागांसकट. आणि बागेतली ती वाट, जिथून त्या पीटर उस्तिनोव्हच्या मुलाखतीसाठी शेजारच्या अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे निघाल्या होत्या. वाटेवर आता स्फटिकाचं आच्छादन. माणसं आपोआप गप्प होतात, मीही झालो. पण मग आधी पाहिलेली प्रत्येक खोली त्या शेवटाकडेच नेणारी वाटायला लागते. निकाल हाती आल्यावर थीसिसची प्रस्तावना लिहिताना आपण हेच करतो ना? सगळे प्रयोग जणू त्या एका आलेखासाठीच केले होते!

दुसरी गोष्ट परतीच्या मेट्रोत सुचली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मार्च १९७७ मध्ये रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्यावर त्यांना हे घर सोडावं लागलं. त्या १२, विलिंग्डन क्रेसेंटला गेल्या. ऑक्टोबर १९७७ ची अटक तिथली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीनंतर सत्ता आली आणि त्या इथे परतल्या. म्हणजे पराभवानंतरचे दिवस, अटक, पुन्हा उभं राहणं, यातलं काहीच या खोल्यांनी पाहिलेलं नाही. भिंतीवर कात्रणं कितीही लावा, खोल्या सत्तेच्याच काळातल्या. सॅम्पलिंगच्या भाषेत बोलायचं तर इथल्या गाळलेल्या नोंदी यादृच्छिक नाहीत. सत्ता गेली की सरकारी घर जातं, आणि नोंदही तिथेच थांबते. ताप उतरला की बंद पडणारा थर्मामीटर वापरलात, तर रुग्ण कायम तापलेलाच दिसणार.

उलट, २५ जून १९७५ चा दिवस याच घरातला. आणीबाणीची खलबतं इथे झाली. पण खुर्ची काही तारीख सांगत नाही. काचेपलीकडून ती खोली नुसती शांत दिसते, आणि कुणी विचारलं नाही तर तशीच राहते.

मी क्युरेटर असतो तर दारातच ठळक पाटी लावली असती : या या काळात त्या इथे राहत नव्हत्या. खाली दुसरा पत्ताही दिला असता. फक्त तो शोधताना नवं नाव टाकावं लागतं : मदर तेरेसा क्रेसेंट.