पृष्ठताणाचे रेणवीय मूळ : रोलिन्सन व विडम यांच्या ग्रंथाचे परीक्षण

पृष्ठताण शिकवताना आपण फळ्यावर पृष्ठभागातील एक रेणू काढतो, त्याला आत ओढणारे बाण दाखवतो आणि 'म्हणून पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो' असे सांगून पुढे जातो. या 'म्हणून'मध्ये किती काय गाळले जाते हे जाणून घ्यायचे असल्यास जे. एस. रोलिन्सन (ऑक्सफर्ड) आणि बी. विडम (कॉर्नेल) यांचा 'मॉलिक्युलर थिअरी ऑफ कॅपिलॅरिटी' हा ग्रंथ वाचावा. तो १९८२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. २००२ साली डोव्हरने त्याचे पुनर्मुद्रण केले.

बाण आत, म्हणजे पृष्ठाला लंब दिशेत असतात. ताण मात्र पृष्ठाला समांतर असतो. एकातून दुसरे कसे निघते? शिवाय रेणू आत ओढले जात असतील तर सगळेच आत का जात नाहीत? ग्रंथाचे उत्तर असे, की आत ओढणाऱ्या सरासरी बलाला रेणूंची औष्णिक गती तोलून धरते. सीमेवर घनता एकदम तुटत नाही, काही रेणूंच्या जाडीत उतरत जाते. या पट्ट्यात लंब दिशेतील दाब सर्वत्र सारखा राहतो, समांतर दिशेतील दाब मात्र घटतो. दोहोंतील फरकाची पट्ट्याच्या जाडीभर बेरीज केली की पृष्ठताण मिळतो. त्यातही समांतर दाब नेमका कोठे किती, हे एकाच पद्धतीने ठरवता येत नाही. व्याख्या बदलली की आकडे बदलतात, बेरीज तेवढी कायम राहते. 'पडदा' नक्की कोठे आहे हा विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणूनच भाबडा नाही.

व्हॅन डर वाल्स यांच्यावरील प्रकरण मला सर्वांत सरस वाटले. घनता जेथे बदलते तेथे बदलाच्या तीव्रतेच्या वर्गाइतकी जादा ऊर्जा धरावी, ही त्यांची १८९३ मधील कल्पना. रोलिन्सन यांनी १९७९ मध्ये तो लेख इंग्रजीत आणला. लेखक पूर्वसूरींचा आदर राखतात, पण चूक झाकत नाहीत : क्रांतिक बिंदूजवळ पृष्ठताण कोणत्या घाताने शून्याकडे जातो याचे जुन्या सिद्धांताचे उत्तर १.५ आहे, प्रत्यक्षात तो सुमारे १.२६ भरतो.

उणिवाही आहेत. सांख्यिकीय यामिकीचे प्रकरण पदवी वर्गाच्या शिक्षकालाही जड जाते. त्याहून मोठी उणीव म्हणजे ग्रंथाचा भर आर्गॉनसारख्या साध्या द्रायूंवर आहे. आपल्या वर्गातील मुलांच्या घरचे लोक उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड ओततात. धातूच्या पृष्ठाशी इलेक्ट्रॉनांची घनताही बदलते, त्यामुळे अणूंमधले बल दोघा-दोघांत वाटून मोजण्याची सोपी वाट तेथे बंद होते. पारा आणि गॅलियम यांच्या पृष्ठाशी अणू थरांत रचले जातात हे १९९५ मध्ये क्ष-किरणांनी दिसले. याचा दोष १९८२ च्या ग्रंथाला देता येत नाही. मात्र आज तो वाचणाऱ्याने घनतेचा सरळ उतरता आलेख सर्व द्रवांना लावू नये.

तरीही फाउंड्रीसाठी ग्रंथ निरुपयोगी नाही. वाळूच्या साच्यातील छिद्रांत धातू शिरला की कास्टिंगवर वाळू चिकटून बसते. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रतिमीटर; लोखंडाचा ढोबळमानाने १.५ धरू. धातू वाळूला मुळीच भिजवत नाही आणि छिद्राची त्रिज्या ५० मायक्रॉन आहे असे मानले, तर आत शिरण्यास सुमारे ६० किलोपास्कल दाब लागेल, म्हणजे जवळपास ८७ सेंटिमीटर उंच धातूस्तंभ. वाळू दुप्पट जाड असली तर निम्मी उंची पुरते. हे गणित बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला झेपते. लोखंडात थोडे गंधक असले तरी पृष्ठताण बराच उतरतो. त्याचे कारण ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या प्रकरणातील गिब्ज यांच्या अधिशोषण समीकरणात सापडते. पहिली तीन प्रकरणे आधी वाचावीत, चौथे पेन्सिल हातात घेऊन, सावकाश.