वारूळ : एका चिन्हाची अनेक वाचने

अनेकार्थता हे साहित्यभाषेचे सामर्थ्य होय, याविषयी मराठी समीक्षेत आता फारसा वाद उरलेला नाही. मात्र चिन्हाला अनेक अर्थ असू शकतात, एवढ्यावरून ते सर्व अर्थ प्रत्येक स्थळी उपस्थित असतात असे गृहीत धरले, की अर्थनिर्णयनाची शिस्त सैल होते. या दृष्टीने चिनी लिपीतील एक चिन्ह उद्बोधक आहे. चौरस्त्याच्या आकृतीपासून सिद्ध झालेले हे चिन्ह 'शिंग' असे वाचल्यास चालणे, तर 'हांग' असे वाचल्यास ओळ अथवा व्यापारी पेढी असा अर्थ देते. कोणते वाचन करावयाचे, हे शेजारची चिन्हे ठरवितात.

मराठीत 'वारूळ' या शब्दाचा उच्चार बदलत नाही; संदर्भानुसार बदलतो तो अर्थ. नागपंचमीच्या पूजेत वारूळ हे नागाचे घर असते. वाल्मीकीच्या कथेत ते तपश्चर्येचे आवरण होते आणि ऋषीला नावही देते. गोव्यात व दक्षिण कोकणात सातेरीच्या रूपाने वारूळ हीच देवी ठरते. प्रत्यक्षात ते वाळवीच्या श्रमातून उभे राहते; नाग तेथे आयता वस्तीला येतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण पूजेतील नागाला उपरा ठरविते. या अर्थांची बेरीज करता येत नाही, कारण एक वाचन दुसऱ्याला छेद देते.

रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारुळाचे भूमीच्या सर्जनशक्तीशी असलेले नाते उलगडले. तेथे शब्द, मूर्ती, विधी आणि कथा ही साधने परस्परांची साक्ष तपासतात. ही पद्धती बाजूस ठेवून केवळ निष्कर्ष उचलला, तर प्रत्येक वारुळात मातृदेवता दिसू लागते.

जुन्नर तालुक्यात नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीचे नाव ही या मोहाची कसोटी आहे. नुसत्या नावावरून तेथे लुप्त देवीस्थान कल्पिणे सोपे आहे. परंतु वारुळे असलेली साधी जमीनही वाडीला नाव देऊ शकते. याच तालुक्यातील लेण्याद्रीचे उदाहरण वेगळे आहे. तेथे बौद्ध विहार गिरिजात्मज गणपतीचे मंदिर झाला. त्या स्थळाची दोन्ही वाचने शक्य होतात, कारण विहाराची रचना आणि गणेशाची उपासना दोन्ही समोर आहेत.

अर्थाची शक्यता आणि अर्थाचा पुरावा यांतील हे अंतर समीक्षेने जपले पाहिजे. ते पुसले गेले, तर ज्यांच्या श्रद्धा आणि श्रम त्या शब्दात साठलेले आहेत त्यांचा आवाज समीक्षकाच्या कल्पनेखाली दबतो. मग समीक्षाही दुसऱ्याने उभारलेल्या वारुळात आयती राहावयास येते.