कुलूप रिकामे नसते

विकरांचा धडा शिकवताना आपण फळ्यावर हमखास एक चित्र काढतो : खाच असलेला एक मोठा रेणू आणि त्या खाचेत नेमका बसणारा एक छोटा रेणू. एमिल फिशर यांनी १८९४ साली दिलेली ही कुलूप-किल्लीची उपमा. कोणत्या यजमान रेणूत कोणता पाहुणा मावेल, हे ती छान सांगते. किल्ली शिरताना कुलूपही आकार बदलते, अशी दुरुस्ती कॉशलँड यांनी १९५८ मध्ये सुचवली. दोन्ही चित्रांत एक उणीव मात्र तशीच राहते. त्यांत पाणीच नाही!

या साऱ्या घडामोडी पाण्यात होतात. तेव्हा यजमानाच्या पोकळीत बहुधा आधीच पाणी असते. पाहुणा आत यायचा, तर ते बाहेर पडले पाहिजे.

कुकर्बिट्युरिल या भोपळ्याच्या आकाराच्या रेणूचे उदाहरण घ्या. त्याच्या सात घटकांच्या कड्यात पाण्याचे सात-आठ रेणू मावतात. पोकळीच्या भिंती त्यांच्याशी फारसे बंध जोडत नाहीत आणि कोंडलेल्या जागेत आपसांतही पुरेसे हायड्रोजन बंध जुळत नाहीत. बाहेर पडताच ते जुळतात व ऊर्जा मुक्त होते. २०१४ मध्ये डायमंटेनच्या एका संयुगाशी या कड्याचा जो बंध मोजला गेला, त्याने अ‍ॅव्हिडिन-बायोटिन या निसर्गातील प्रसिद्ध घट्ट जोडीलाही मागे टाकले. सारे श्रेय पाण्याचे नाही. पाहुण्याचा धनभार आणि कड्याच्या काठावरील ऑक्सिजन यांचे आकर्षणही त्यात आहे. पण पाणी वगळून हा हिशेब जुळत नाही.

वरच्या वर्गांच्या पुस्तकांत पाणी येते, तेही अर्धवट. 'शिस्तीत बांधलेले पाणी मोकळे झाले, एन्ट्रॉपी वाढली' एवढ्यावर विषय संपतो. वरील उदाहरणात पाण्यामुळे होणारा लाभ मुख्यतः ऊर्जेचा आहे. शिवाय पाणी नेहमीच हाकलले जाते असेही नाही. एचआयव्हीच्या प्रोटिएज विकरात पाण्याचा एक रेणू विकर आणि अनेक औषधे यांच्यामध्ये पुलासारखा टिकून राहतो. त्याचीच जागा घेणारे रेणू १९९४ मध्ये मुद्दाम रचले गेले.

उपमा टाकून देण्याचे कारण नाही. खाचेत पाण्याचे चार ठिपके काढावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : किल्ली आत गेली, मग हे कोठे गेले? कुलूप-किल्लीत न मावणारे रसायनशास्त्र या प्रश्नापासून सुरू होते.