पाप, रोग आणि क्षमा

जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची 'ए पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज ए यंग मॅन' ही १९१६ सालची कादंबरी वर्गांत शिकवीत असतां एकदां एक विद्यार्थी तास संपल्यावर मागें राहिला. बराच वेळ पानें चाळून अखेर त्यानें विचारिलें, "सर, स्टीफनला क्षमा खरोखर मिळाली का?" हा प्रश्न केवळ कादंबरीविषयीं नव्हता, हें त्याच्या चेहऱ्यावरून माझ्या ध्यानांत आलें. तरी मीं दिलेलें उत्तर परीक्षेपुरतें होतें. तें उणें भरून काढण्यासाठीं हा लेख.

विषय हस्तमैथुनाचा आहे. घरांतील लहानथोर सर्व वाचतात अशा मासिकांत तो शब्द लिहितांना लेखणी अडखळते, हें खरें. परंतु ज्या गोष्टीच्या भयानें कित्येक मुलांची झोप उडाली, तिच्याविषयीं वडीलधाऱ्यांनीं मौन धरणें ही सभ्यता नव्हे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत या कृत्याचा नांव घेऊन निषेध कोठेंही नाहीं. ज्याच्या नांवावरून युरोपीय भाषांनीं त्यास नांव दिलें, तो ओनान उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायांत येतो. निपुत्रिक मेलेल्या वडील भावाची विधवा तामार हिच्या ठिकाणीं भावाचा वंश चालवावा, अशी त्यास आज्ञा होती. आपल्याकडील नियोगाची चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ती अपरिचित वाटणार नाहीं. होणारें मूल आपलें म्हणविलें जाणार नाहीं, हें जाणून ओनानानें वीर्य भूमीवर सांडिलें आणि देवानें त्यास मारिलें. कथेंतील अपराध मृत भावाशीं केलेल्या प्रतारणेचा आहे. एकान्तांतील कृत्याचा त्यांत संबंधच नाहीं.

तथापि मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांनीं या कृत्यास पाप ठरविलें. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें त्याची गणना निसर्गविरुद्ध पापांत केली. पंधराव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस विद्यापीठाचा कुलपति झां जेर्सों यानें या पापाचा कबुलीजबाब कसा घ्यावा, यावर एक छोटा ग्रंथच लिहिला. धर्मगुरूनें लाजणाऱ्या मुलाशीं हळूहळू, स्नेहानें बोलून त्याच्या तोंडून गोष्ट काढावी, असा त्याचा उपदेश आहे. यांतील चौकसपणा आज आपल्यास रुचणार नाहीं. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या व्यवस्थेंत पापाच्या शेजारींच क्षमेचें दार होतें. मुलानें सांगावें, प्रायश्चित्त घ्यावें आणि मोकळें होऊन घरीं जावें.

तें दार अठराव्या शतकांत बंद होऊं लागलें. त्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लंडन येथें 'ओनानिया' नांवाचें एक निनांवी पुस्तक निघालें. साहित्य म्हणून त्याची किंमत शून्य आहे; परंतु त्याची रचना फार धूर्त आहे. भाषा धर्मोपदेशकाची, धमक्या वैद्याच्या आणि शेवट औषधविक्याचा. प्रत्येक नव्या आवृत्तींत पीडित वाचकांचीं म्हणून पत्रें वाढत गेलीं, आणि भ्यालेल्या वाचकास त्या पत्रांतून स्वतःचाच आवाज ऐकूं येऊं लागला. पुढें लोझान येथील प्रसिद्ध वैद्य तिसो यानें १७६० सालीं आपल्या फ्रेंच ग्रंथानें या भयास शास्त्राची प्रतिष्ठा दिली. वीर्यनाशानें बुद्धि, दृष्टि व शक्ति नष्ट होतात, असें त्याचें म्हणणें. तें निराधार होतें, हें आज वैद्यकशास्त्र निःसंशय सांगतें. परंतु पुरीं दीडशें वर्षें युरोप त्या भयाखालीं वावरला.

या स्थित्यंतराचें मर्म असें आहे, कीं पापाला क्षमा असते, रोगाला ती नसते. देवापुढें गुडघे टेकतां येतात. स्वतःच्या पाठीच्या कण्यापुढें कोण गुडघे टेकणार? अपराधाची टोंचणी जशीच्या तशी राहिली. गेली ती केवळ क्षमा. तिच्या जागीं औषधाची बाटली आली.

आतां जॉइसकडे वळूं. सोळा वर्षांचा स्टीफन वेश्यागमनानें व एकान्तांतील पापानें ग्रासलेला आहे. ज्यांचें शव गोव्यास जतन केलेलें आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सन्मानार्थ शाळेंत प्रवचनें होतात आणि नरकाच्या वर्णनानें मुलगा गारठून जातो. तो एका वृद्ध धर्मगुरूपाशीं सर्व सांगतो. म्हातारा रागावत नाहीं, क्षमा देतो. परंतु तेवढ्यांत तो म्हणून जातो, कीं हें पाप आत्म्याबरोबर शरीरासही मारतें. जेर्सोंच्या आसनावर बसून हा भला मनुष्य नकळत तिसोचे शब्द बोलत आहे! त्या रात्रीं स्टीफनला स्वयंपाकघरांतील साधें अन्नदेखील पवित्र वाटतें. पण पुढील प्रकरणांत तीच टोंचणी परत येते. किती वेळां कबुली दिली तरी आपली सुटका झाली, असें त्यास वाटत नाहीं. जॉइसनें हें कोणतेंही भाष्य न करितां दाखविलें आहे, आणि म्हणूनच तें खरें वाटतें.

रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथांत हें कृत्य आजही गंभीर दोष म्हणून नोंदलेलें आहे. मात्र अपरिपक्वता, संवय व मनाची व्यग्रता लक्षांत घेऊन कर्त्याचा दोष हलका मानावा, असेंही तेथें म्हटलें आहे. सी. एस. लुइस यांनीं १९५६ सालच्या एका पत्रांत निराळाच विचार मांडला. जी वासना माणसास स्वतःबाहेर नेण्यासाठीं आहे, ती येथें त्यास स्वतःतच कोंडते, हा त्यांचा आक्षेप. तो कोणी मानो वा न मानो, त्यांत कण्याचें भय नाहीं. माणुसकीचा विचार आहे.

आपण या प्रकरणीं नुसते प्रेक्षक नव्हतों. 'धातुक्षया'वरील औषधांच्या जाहिरातींनीं आपलींही वृत्तपत्रें भरलेलीं असत. १९२७ सालीं सुरू झालेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकांत र. धों. कर्वे यांनीं वाचकांच्या लैंगिक शंकांस उघड उत्तरें दिलीं, तेव्हां त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू लढविली. भय विकणाऱ्यांस बाजार मोकळा होता. भय घालविणाऱ्यास मात्र न्यायालय.

त्या विद्यार्थ्यास आज मी असें सांगेन: स्टीफनला क्षमा मिळाली, परंतु तिजवर विश्वास ठेवण्याचें बळ त्याच्यांत उरलें नव्हतें, कारण क्षमेपूर्वीं त्यास जें भय दिलें गेलें, तें क्षमेहून मोठें होतें. लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्रानें वाटेंत एक भाषण तयार केलें होतें. मला मुलगा न म्हणतां नोकर म्हणून ठेवा, असें तो बापास सांगणार होता. बाप त्यास दुरून पाहून धांवत आला आणि तें अखेरचें वाक्य बोलण्याची वेळच त्यानें येऊं दिली नाहीं. ज्या धर्मापाशीं ही कथा आहे, त्याच्या उपदेशकांनीं मुलांस ती नरकाच्या अगोदर सांगावयास हवी होती.