चार आर्यसत्ये : प्रश्न आणि निर्णय

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन ग्रंथाच्या परिचयापाशी आले की चार आर्यसत्यांची चर्चा हमखास निघते. ही सत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणुकीत होती की भिक्षूंनी ती मागाहून घातली, असा प्रश्न बाबासाहेबांनी तेथे उपस्थित केला आहे. जन्म, जीवन, मरण सारेच दुःख असेल तर धम्मात माणसाला आशा कोणती, ही त्यामागील त्यांची चिंता होय.

१९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून या प्रश्नाला दोन प्रकारचे वाचक लाभले. परंपरानिष्ठांनी तो प्रमाद ठरविला. आमच्यापैकी काहींनी तो निर्णय समजून आर्यसत्येच बाजूस सारली. प्रश्न हा प्रश्न म्हणून दोघांनीही वाचला नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम पालीची साक्ष काढू. संयुत्तनिकायातील धम्मचक्कप्पवत्तनसुत्तात प्रत्येक सत्याला एकेक कर्तव्य जोडलेले आहे. दुःख 'परिञ्ञेय्य', म्हणजे पूर्णपणे जाणावयाचे. समुदय 'पहातब्ब', म्हणजे सोडावयाचा. निरोध 'सच्छिकातब्ब', म्हणजे साक्षात करावयाचा. आणि मार्ग 'भावेतब्ब', म्हणजे अंगी बाणवावयाचा. जग दुःखमय आहे एवढे सांगून सुत्त थांबत नाही. ते ऐकणाऱ्यास कामाला लावते. शिवाय मराठीत 'दुःख' म्हटले की शोक तेवढा डोळ्यांपुढे येतो. पालीतील 'दुक्ख' या शब्दात अनित्य वस्तूंची असमाधानकारकताही येते. निराशावादाचा आरोप बराचसा या अर्थसंकोचातून उद्भवला आहे.

आता ग्रंथाकडे पाहू. पहिल्या प्रवचनाच्या प्रकरणात बाबासाहेब दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि ते नाहीसे करण्याचा मार्ग दाखविणे हाच धम्माचा पाया मानतात व अष्टांगमार्गाचे विवरण करतात. तिसऱ्या खंडात 'धम्म म्हणजे काय' हे सांगताना निब्बाणात जगणे आणि तृष्णेचा त्याग करणे या दोहोंना ते स्वतंत्र स्थान देतात. जाणणे, सोडणे, साक्षात करणे, आचरणे ही चारही कर्तव्ये येथे आहेतच. फक्त सूत्रबद्ध मांडणी मोडलेली आहे. तृष्णेतून कलह व हाणामारी कशी उपजते, हे आनंदाला केलेले बुद्धाचे विवेचन तेथे देऊन त्यात वर्गसंघर्षाचे अचूक विश्लेषण आहे, असे बाबासाहेब म्हणतात. दीघनिकायातील महानिदानसुत्तात ते आढळते. समुदयाचा हा सामाजिक अर्थ पालीला परका नाही, हे त्यावरून दिसते.

मात्र एका मुद्द्यावर आम्ही आदरपूर्वक वेगळे मत नोंदवितो. आर्यसत्यांचा निर्देश दीघ, मज्झिम, संयुत्त व अंगुत्तर या चारही निकायांत आहे. एखाद्या सुत्ताची रचना उत्तरकालीन असू शकेल. परंतु हा संपूर्ण विचारच प्रक्षिप्त म्हणणे पालीच्या आधारे कठीण आहे.

असे म्हणणे ही बाबासाहेबांशी प्रतारणा ठरत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तर देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी प्रश्न विचारून मिलिंदाचे काम केले आहे. नागसेनाचे काम त्यांनी अभ्यासकांवर सोपविले आहे. ते टाळून केवळ ग्रंथाला वंदन करणे, हे आमच्या मते त्या दोन्ही नावांस शोभणारे नाही.